आईसाठी ‘लीबेलाय’

आईला कमी ऐकू येतं त्याला आता सहा वर्षं झाली. कानाचं यंत्र आहे. समोर बसून कुणी बोललं तर तिला कळतं, पण सिनेमाचा आवाज त्या यंत्रातून डब्यात खडे हलवल्यासारखा येतो म्हणते. इंग्रजी तिला अक्षरं लावून वाचता येतं, पळत्या सबटायटलमागे धावण्याइतकं नाही. तरी रात्री मी काही लावलं की ती खुर्ची ओढून शेजारी येऊन बसते.

माझं काम जर्मन यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं. चाकणच्या कारखान्यांसाठी त्या मराठीत आणि इंग्रजीत आणायच्या. दिवसभर व्हॉल्व्ह, गास्केट आणि टॉर्कचे आकडे. म्हणून रात्री जुना जर्मन सिनेमा. गेल्या पावसाळ्यात एका रात्री मी मॅक्स ओफ्युल्स या दिग्दर्शकाचा ‘लीबेलाय’ लावला. १९३३ चा बोलपट, दीड तासाला थोडा कमी. आधी तीनदा पाहिलेला. आई येऊन बसली आणि दर दोन मिनिटांनी विचारू लागली, “काय म्हणाली ती?” मी सांगत गेले. हळू बोलून तिला ऐकू येत नाही, म्हणून मोठ्यानं.

सिनेमाच्या मध्याच्या सुमाराला बर्फातल्या जंगलाचा प्रसंग आहे. घोड्याची स्लेज, तिच्यात तो आणि ती, आजूबाजूला पांढरी झाडं, घुंगरांचा आवाज. दोघं अगदी हळू, जवळजवळ श्वासात बोलतात. आणि त्यावर मी आमच्या हॉलमध्ये ओरडून सांगते आहे, “ती म्हणते, माझं तुझ्यावर प्रेम आहे! कायमचं!”

आईनं माझ्या हातावर हात ठेवला. “तू बोलतेस तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे बघते. मग तिच्याकडे कोण बघणार?”

त्या रात्री सिनेमा अर्धाच राहिला. दुसऱ्या दिवशी मी ‘सबटायटल एडिट’ हे मोफत मिळणारं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि ठरवलं, आईला हा सिनेमा मराठीत वाचायला द्यायचा. दोन आठवडे लागतील असं वाटलं होतं. पावणेपाच महिने लागले.

कथा थोडक्यात सांगते. पहिल्या महायुद्धाआधीचं सम्राटाचं व्हिएन्ना. फ्रिट्स नावाचा तरुण लेफ्टनंट एका बॅरनच्या बायकोत गुंतलेला आहे. ऑपेराच्या रात्री त्याची आणि त्याचा मित्र थिओची गाठ दोन मुलींशी पडते. मिझी हसरी, धीट. क्रिस्टीन वादकाची मुलगी, स्वतः गाणारी, आईविना वाढलेली. मिझी आणि थिओचं जमतं, ते मजेचं. फ्रिट्स आणि क्रिस्टीनचं जमतं, ते मजेचं राहत नाही. फ्रिट्स त्या बाईशी असलेलं नातं तोडतो, पण तोवर बॅरनच्या कानावर गोष्ट गेलेली असते. संपून गेलेल्या प्रकरणासाठी द्वंद्वाचं आव्हान येतं, आणि अधिकाऱ्याला ते नाकारता येत नाही. फ्रिट्स मरतो. ज्या बाईसाठी मेला तिच्यावर त्याचं प्रेम उरलेलं नव्हतं, आणि जिच्यावर होतं तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

मूळ नाटक आर्थर श्नित्सलरचं. ९ ऑक्टोबर १८९५ ला ते व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये पहिल्यांदा झालं. श्नित्सलर पेशानं डॉक्टर, आणि मला त्याच्या लिखाणात तो नाडी बघणारा हात सतत जाणवतो. अधिकाऱ्यांच्या पोकळ अब्रूवर १९०० मध्ये त्यानं ‘लेफ्टनंट गुस्टल’ ही कथा लिहिली आणि पुढच्या वर्षी लष्करानं त्याचा राखीव अधिकाऱ्याचा हुद्दा काढून घेतला. ज्या रिवाजानं फ्रिट्सचा जीव घेतला तो लेखकानं अंगावर झेललेला होता, हे माहीत असल्यावर संवाद हलक्या हातानं उतरवता येत नाहीत.

पहिली पायरी जर्मन संवाद कागदावर उतरवण्याची. माझ्याकडच्या प्रतीला फक्त इंग्रजी सबटायटल होती आणि त्यांत वाक्यांची छाटणी फार. इंग्रजीवरून मराठी करायचं नाही हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. म्हणून कानाला हेडफोन लावून, एकेक वाक्य मागे-पुढे करत लिहायचं. ९० वर्षांपूर्वीचं ध्वनिमुद्रण, त्यात व्हिएन्नाची बोली, शब्दांची शेवटं खाल्लेली. एका संध्याकाळी चार मिनिटांचा सिनेमा उतरला तर खूप झालं. श्नित्सलरच्या नाटकाची पिवळ्या मुखपृष्ठाची, रेक्लाम या जर्मन प्रकाशनाची आवृत्ती शेजारी उघडी असायची. ती अडल्या जागी हात द्यायची आणि पुढच्याच पानावर सोडून द्यायची, कारण सिनेमानं नाटक पुष्कळ बदललंय. नाटकात ऑपेरा नाही, बर्फ नाही.

कच्चा मराठी मजकूर झाला तेव्हा खरी अडचण समोर आली: कोण कुणाला काय म्हणतं. जर्मनमध्ये ‘सी’ आणि ‘दू’ आहे, आपल्याकडे ‘तुम्ही’ आणि ‘तू’. वरवर बघता सोपं. पण त्यांचं ‘सी’ दोन्हीकडून असतं आणि ‘दू’ही दोन्हीकडून. ओळख वाढली की दोघं एकत्र एका पायरीवरून दुसरीवर येतात. आपल्याकडे त्या काळच्या जोडप्यात तो तिला ‘तू’ म्हणणार आणि ती त्याला ‘तुम्ही’, जन्मभर. माझी आई वडिलांना ‘अहो’च म्हणायची. पहिल्या मसुद्यात मी नकळत तेच केलं. फ्रिट्सच्या तोंडी ‘तू’, क्रिस्टीनच्या तोंडी ‘तुम्ही’. वाचायला फार गोड वाटत होतं. काळही जुना वाटत होता.

चार दिवसांनी परत वाचलं तेव्हा क्रिस्टीन मला ओळखू येईना. ती गयावया करणारी झाली होती. माग्डा श्नायडरनं उभी केलेली क्रिस्टीन तशी नाही. ती साधी आहे, गरीब आहे, पण मान वर करून बघते, आणि प्रेमात ती फ्रिट्सच्या बरोबरीनं उभी आहे. उलट तिचं प्रेम अंगुळभर उंचच आहे. म्हणून सगळं खोडून पुन्हा लिहिलं: पहिल्या रात्री रिकाम्या रस्त्यांवरून तो तिला घरी सोडायला जातो तिथं दोघांचंही ‘तुम्ही’, आणि पुढे दोघांचंही ‘तू’. मराठीत एखादी मुलगी ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येते तो क्षण वाचणाऱ्याला अंगावर जाणवतो. एक पान समजुतीच्या ओळी लिहून जे साधलं नसतं ते त्या एका अक्षरानं साधलं.

बाकीच्यांचं आपोआप बसलं. मिझी आणि क्रिस्टीन ‘अगं’. थिओ आणि फ्रिट्स ‘अरे’. बॅरनच्या वाट्याला ‘आपण’. बॅरन झालेत गुस्टाफ ग्र्युंडगेन्स. त्यांच्या थंड, काटेकोर जर्मनला ‘आपण’ इतकं चपखल बसलं की तो शब्द वाचताना खोलीत गारठा यायचा. म्हातारे वादक वायरिंग, म्हणजे पाउल ह्योरबिगर, मुलीशी बोलतात तिथं मात्र मी ‘बेटा’ टाळलं. ते हिंदीतून आपल्याकडे आलंय. ‘बाळ’ लिहिलं.

नावावर बरेच दिवस गेले. ‘लीबे’ म्हणजे प्रेम. त्याला ते शेपूट जोडलं की प्रेमाचा कस उतरतो. प्रेमासारखं काहीतरी, वेळ घालवण्यापुरतं. ‘लटकं प्रेम’ म्हणावं तर त्यात राधा-कृष्णाचा रुसवा येतो. ‘प्रेमचाळे’ फारच उघडं. एक दिवस भाजी निवडताना आईला विचारलं, “खरं नाही, नुसतं तात्पुरतं प्रेम, त्याला काय म्हणशील?” ती मान वर न करता म्हणाली, “प्रेमबिम.”

प्रेमबिम! ‘बिम’ला स्वतःचा काही अर्थ नाही, पण आधीच्या शब्दातली हवा तो काढून घेतो. जर्मन शेपूट नेमकं तेच करतं. सिनेमाचं नाव मी ‘लीबेलाय’च ठेवलं, कारण ‘प्रेमबिम’ नाव दिलं तर लोक विनोदी सिनेमा समजून बसतील. पण थिओच्या तोंडी तो शब्द घातला. फ्रिट्सला तो समजावतो की जीव धोक्यात घालणाऱ्या बायकांपेक्षा हलकंफुलकं बरं, तिथं माझा थिओ म्हणतो, ‘थोडं प्रेमबिम कर, मोकळा होशील.’ आणि शेवटाकडे क्रिस्टीन तिच्या प्रेमाबद्दल बोलते तेव्हा मी नुसतं ‘प्रेम’ लिहिलं. वाचणाऱ्याच्या मनात ‘बिम’ गळून पडल्याची जागा राहावी, एवढीच इच्छा.

आता मोजणीबद्दल सांगते, कारण यात मी पंधरा दिवस अडकले होते. सबटायटल जास्तीत जास्त दोन ओळींचं, ओळीत साधारण चाळीस अक्षरं, पडद्यावर एक सेकंदापेक्षा कमी नाही आणि सहा-सात सेकंदांपेक्षा जास्त नाही, असा सर्वसाधारण दंडक. ओळ लांबली की सॉफ्टवेअर ती लाल करतं. माझं पानच्या पान लाल. वाक्यं छाटून छाटून मी त्यांची हाडं करून टाकली. मग लक्षात आलं की हे सॉफ्टवेअर कानामात्रा, वेलांट्या आणि हलन्त वेगवेगळे मोजतंय. ‘क्रिस्टीन’ हा शब्द आपल्या डोळ्याला तीन अक्षरांचा: क्रि, स्टी, न. संगणकाच्या हिशेबात ती नऊ चिन्हं. म्हणजे जिथं डोळ्याला वीस अक्षरं दिसतात तिथं यंत्र चाळीस-पन्नास सांगतंय. लाल रंगाकडे बघायचं मी सोडून दिलं. त्याऐवजी मजकूर लावायचा, आईला बसवायचं आणि तिचे डोळे ओळीच्या शेवटापर्यंत पोचतात का ते बघायचं. पोचले की तिची हनुवटी किंचित वर उचलली जाते. तेच माझं माप.

हाडं केलेली वाक्यं पुन्हा भरून लिहिली.

दुसरी अडचण टीव्हीची. संगणकावर छान दिसणारा मजकूर पेन ड्राइव्हवरून टीव्हीला लावला तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी पडायची ती नंतर पडली आणि जोडाक्षरं फुटून पाय मोडल्यासारखी उभी राहिली. आई दोन मिनिटं प्रयत्न करून म्हणाली, “डोळे पण गेले की काय माझे?” मला फार वाईट वाटलं. शेवटी मजकूर चित्रातच कायमचा छापून टाकायचा मार्ग घेतला. तिसरी अडचण तर सगळं झाल्यावर आली. सिनेमाची जास्त स्वच्छ प्रत मिळाली, पण तिचा वेग सेकंदाला २४ चौकटी आणि माझी सगळी कामगिरी २५ च्या प्रतीवर. सुरुवातीला ओठ आणि ओळी जुळायच्या, तासाभरानं अडीच मिनिटांचा फरक पडायचा. चौकटींचा वेग बदलून देणारी सोय सॉफ्टवेअरमध्येच आहे हे कळेपर्यंत मी चारशे ओळी हातानं सरकवल्या होत्या. कुणी हे काम करायला बसणार असेल तर आधी प्रत पक्की करा, मग पहिली ओळ लिहा.

पण ही सगळी कारागिरी. खरं काम तीन जागी होतं.

पहिली जागा शपथेची. स्लेजमध्ये दोघं शपथ घेतात की प्रेम आहे, कायमचं आहे. जर्मन वाक्यात ‘की’नंतरचं क्रियापद शेवटी जातं, थेट आपल्यासारखं. इंग्रजीत ‘प्रेम’ आधी येऊन जातं आणि माणूस मागून येतो. मराठीत ‘प्रेम’ हा शब्द बोलणारीच्या ओठांवर ज्या वेळी येतो जवळजवळ त्याच वेळी वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे येतो. हे लक्षात आलं त्या रात्री मी आनंदानं उठून चहा केला.

मग अडले. ‘मी शपथ घेतो’, ‘मी शपथ घेते’. मराठी क्रियापद लगेच सांगतं की बोलणारा पुरुष की बाई. जर्मनमध्ये ‘मी’ला लिंग नाही. स्लेजमध्ये ते चालून गेलं असतं, दोघं समोर दिसतात. पण सिनेमाच्या अगदी शेवटी पुन्हा तेच बर्फातलं जंगल येतं, यावेळी माणसांविना. नुसता बर्फ, झाडं, आणि त्या दोघांचे आवाज. आवाज कुणाचा हे जर्मन प्रेक्षक कानानं ओळखतो. आईला ते ऐकू येणार नाही. आणि मला ‘घेतो-घेते’ अशी विभागणी तिथं नको होती. दोघंही आता नाहीत, तिथं एकच शपथ उरलीय.

‘तुझी शपथ’ लिहून पाहिलं. दोन शब्द, लिंग नाही, तोंडात बसणारं. आईनं वाचलं आणि चष्मा काढला. “तुझी शपथ कसली घेते ही? अशी शपथ घेऊ नये माणसानं. खोटी ठरली तर त्याच्यावर जाते.”

मी गप्प बसले. आपल्या भाषेत गळ्याची शपथ म्हणजे समोरच्याचा जीव गहाण. पुढे फ्रिट्स मरतो. ‘तुझी शपथ’ लिहिलं असतं तर मराठी वाचणाऱ्याच्या मनात नकळत आलं असतं की शपथेनं त्याला मारलं. पण त्याला मारलं ते अब्रूच्या रिवाजानं. उलट, याच सिनेमात थिओ आपल्या वरिष्ठासमोर उभा राहून म्हणतो की स्वसंरक्षणाशिवाय झाडलेली गोळी म्हणजे खूनच, आणि गणवेश सोडायला तयार होतो. एवढ्या स्वच्छ वाक्यावर मला अपशकुनाची सावली पडू द्यायची नव्हती. ‘देवाशपथ’ म्हणावं तर त्या प्रसंगात देव नाही. ‘वचन’ म्हणावं तर ते द्यायचं-घ्यायचं असतं.

शेवटी फक्त ‘शपथ.’ लिहिलं. पूर्णविरामासकट. आणि पुढच्या ओळीत ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे. कायमचं.’ ‘प्रेम करतो-करते’ तसंही आपल्याकडे फारसं कुणी म्हणत नाही. ‘माझं प्रेम आहे’ म्हणतात, आणि त्यात बाई-पुरुष असा भेद नाही. ‘जन्मभर’ नको होतं, कारण त्यांचा जन्म पुढच्या काही दिवसांचाच आहे. ‘जन्मोजन्मी’ तर मुळीच नको, व्हिएन्नाच्या मुलीला पुनर्जन्म कुठला.

दुसरी जागा क्रिस्टीनच्या चेहऱ्याची. ती ऑपेरासाठी गाण्याची परीक्षा देऊन आलेली असते. ब्राम्सनं बांधलेलं एक लोकगीत गायलेलं असतं, भाऊ-बहिणीच्या संवादाचं. आनंदात ती फ्रिट्सच्या खोलीवर येते. तिकडे वडिलांचा वाद्यवृंद बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीची तालीम करत असतो, ती तालीम सोडून त्यांना बोलावून आणावं लागतं. थिओ, मिझी, वडील समोर उभे. कुणी स्पष्ट बोलत नाही. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर येतो आणि तिथंच थांबतो. फ्रान्झ प्लानरचं छायाचित्रण, एरवी जिन्यांवरून, रस्त्यांवरून, नाचणाऱ्यांच्या भोवती सतत फिरणारं, इथं हलत नाही. ती तुकड्यातुकड्यांत बोलते. तो मेला. दुसरीसाठी मेला. मग मी कोण होते?

जर्मनमध्ये त्या प्रश्नात ‘देन’ असा एक इवला शब्द असतो. त्याचा कोशातला अर्थ इथं कामाला येत नाही, तो प्रश्नाला नुसता धक्का देतो. आपलं ‘मग’ तेच काम करतं. ‘मी कोण होते?’ हा प्रश्न झाला. ‘मग मी कोण होते?’ यात तिचं सगळं आयुष्य आलं. नाटकात क्रिस्टीन यानंतर घराबाहेर धावत सुटते आणि बाप म्हणतो की ती परत यायची नाही. सिनेमात ती खिडकीतून उडी टाकते. या चेहऱ्याखाली मी पहिल्या मसुद्यात अकरा ओळी दिल्या होत्या. शेवटच्या मसुद्यात सहा आहेत. पडद्याच्या खालच्या कडेला अक्षरं आली की डोळा खाली जातो, आणि तिचे डोळे वर आहेत.

ते करताना मला सारखा हा सिनेमा करणाऱ्यांचा विचार यायचा. ओफ्युल्स झारब्र्युकेनचे, ज्यू, खरं नाव मॅक्स ओपेनहायमर. ‘लीबेलाय’ १९३३ च्या फेब्रुवारीत व्हिएन्नात पहिल्यांदा दाखवला गेला. त्याच महिन्याच्या २७ तारखेला बर्लिनमध्ये राइशस्टागची, म्हणजे जर्मन संसदेची इमारत जळाली. ओफ्युल्स कुटुंबासह फ्रान्सला निघून गेले. मार्चमध्ये सिनेमा बर्लिनमध्ये लागला आणि लोकांनी डोक्यावर घेतला, पण श्रेयनामावलीतून दिग्दर्शकाचं नाव काढलेलं होतं. प्लानरनेही पुढे देश सोडला. पुढे हे दोघं हॉलिवूडमध्ये पुन्हा एकत्र आले आणि तिथल्या स्टुडिओत त्यांनी पुन्हा व्हिएन्ना उभं केलं, १९४८ च्या ‘लेटर फ्रॉम अॅन अननोन वुमन’साठी. आणि फ्रिट्सचं काम करणारे वोल्फगांग लीबेनआयनर मागे राहिले, मोठे दिग्दर्शक झाले आणि १९४१ मध्ये त्यांनी ‘इश क्लागे आन’ काढला, आजारी माणसांना मारून टाकणं योग्य ठरवणारा नाझी सिनेमा. हे कळल्यापासून स्लेजमधला तो कोवळा चेहरा मला पूर्वीसारखा बघता येत नाही. तरी ओळी मी त्या चेहऱ्याच्याच लिहिल्या, त्या माणसाच्या नाही. माग्डा श्नायडरची मुलगी रोमी हिनं १९५८ मध्ये नव्या चित्रपटात हीच क्रिस्टीन केली, हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “आईची भूमिका लेकीनं केली! किती जड गेलं असेल.”

माझ्या फाइलची पहिली ओळ आहे: ‘दिग्दर्शन: मॅक्स ओफ्युल्स’. ती पाच सेकंद ठेवलीय, गरजेपेक्षा जास्त.

तिसरी जागा द्वंद्वाची, आणि तीच सगळ्यात अवघड. द्वंद्व आपल्याला दाखवतच नाहीत. दिसतात ते दूरवर थांबलेले थिओ आणि मिझी, कान लावून उभे. रिवाजाप्रमाणे पहिली गोळी बॅरनची, मग फ्रिट्सची. एक गोळी झाडल्याचा आवाज येतो. ते दोघं दुसरीची वाट बघतात. आपणही. दुसरी येत नाही.

आता हे ऐकू न येणाऱ्या माणसाला कसं द्यायचं? आवाज असेल तर कंसात लिहिता येतो. न आलेला आवाज कसा लिहायचा? मी ‘(गोळीचा आवाज)’ लिहिलं, आणि थोड्या अंतरानं ‘(शांतता)’. मग ‘(दुसरा आवाज येत नाही)’ करून पाहिलं. मग ‘(बराच वेळ शांतता)’. तिन्ही प्रकार आईला दाखवले. ती म्हणाली, “तू शांतता असं लिहिलंस, मी ते वाचत बसले. तेवढ्यात त्या पोराचा चेहरा निघून गेला.” थोडं थांबून म्हणाली, “मला शांतता कळते गं. माझ्याकडे तीच तर आहे.”

मी ती ओळ काढून टाकली. मग एकेक करून सिनेमाभर शोधत गेले, कुठं कुठं मी उगाच बोलले आहे. ‘(घुंगरांचा आवाज)’ एकदाच ठेवला, स्लेज सुरू होताना. ‘(संगीत)’ सगळीकडून काढलं. रिकाम्या कॅफेत नाणं टाकून वाजणाऱ्या यंत्रावर दोघं वॉल्ट्झ नाचतात, तिथं फक्त ‘(यंत्रावर वॉल्ट्झ)’, कारण वादक नाहीत हे कळायला हवं. बाकी नाच डोळ्यांना दिसतो. एकूण एकोणसत्तर ओळी गेल्या. पावणेपाच महिन्यांतलं सगळ्यात चांगलं काम मी त्या दोन रात्रींत केलं असं मला वाटतं.

जानेवारीत आमच्या जर्मनच्या जुन्या वर्गातली मंडळी एका मैत्रिणीच्या घरी जमली. तिच्या दिवाणखान्यात पांढरा पडदा, बावीस खुर्च्या, तीळगुळाचा डबा फिरत होता. बहुतेकांना जर्मन येतं, त्यांना माझ्या ओळींची गरज नव्हती. पण काहींनी घरच्यांना आणलं होतं, सासू, नवरा, शेजारच्या काकू. आई पहिल्या रांगेत, गुडघ्यावर शाल. मी तिच्या शेजारी नाही, मागे प्रोजेक्टरजवळ.

ऑपेराच्या प्रसंगाला लोक हसले. थिओच्या ‘प्रेमबिम’ला काकू खळखळून हसल्या. ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं तेव्हा कुणीतरी हलकेच ‘अरे वा’ म्हटलं. स्लेजमध्ये ‘शपथ.’ आलं आणि गेलं, आणि आईची हनुवटी वर उचललेली राहिली, ओळ संपल्यावरही बराच वेळ.

मग ती सकाळ आली. थिओ आणि मिझी उभे. पडद्याच्या खाली ‘(गोळीचा आवाज)’ उमटलं आणि पुसलं गेलं. खाली नुसती रिकामी जागा. थिओचा चेहरा. कुणी हललं नाही, खुर्चीही वाजली नाही. आईनं शालीतून हात बाहेर काढला आणि समोरच्या चेहऱ्यावरची नजर न काढता, ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी मोठ्यानं, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं विचारलं,

“आणि दुसरी?”